आठव्या पानावरचा देवमासा

वहिनी, मागच्या सोमवारी पुण्याहून प्रकाशकांचा फोन आला. "बाई, आठवं पान कधी पाठवताय?" तू गेल्याचं मी त्यांना लगेच कळवलं होतं. माणूस भला आहे. आधी थोडा हळहळला, मग घसा खाकरून पानावर आला. बाकी सगळं पुस्तक छपाईला तयार आहे, एवढं एकच पान अडलंय. मी म्हटलं, बघते. फोन ठेवला आणि तुझ्यावर इतकी तडकले, इतकं मोठ्यानं बोलले, की दादा ओटीवरून आत डोकावला, कुणाशी भांडतेय म्हणून.

तुझ्याशीच भांडत होते. दुसरं कोण आहे मला भांडायला?

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही. घरात माणसं येतात, तुझ्या फोटोसमोर बसतात, चहा घेतात आणि उठताना म्हणतात, "सुटली बिचारी." एकेकाला दाराबाहेर काढावंसं वाटतं मला. सुटली कशातून? शब्द देऊन, काम अर्ध्यावर टाकून, मला त्या पुण्याच्या माणसापुढं तोंडघशी पाडून निघून गेलीस, त्याला सुटणं म्हणतात होय?

पुस्तकाचं सगळं तूच अंगावर ओढवून घेतलं होतंस, हे विसरू नकोस. लहान मुलांसाठी 'कोण काय खातं' अशी पुस्तकं काढायची त्यांची कल्पना. वाघ, हत्ती, मगर असली घसघशीत जनावरं आधीच लेखकांनी वाटून घेतली होती. बोईसरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या विज्ञानाच्या बाईला उरला तो बोहेड देवमासा. उत्तरेकडच्या बर्फाच्या समुद्रात राहणारा, आपल्याकडं कुणी स्वप्नातसुद्धा न पाहिलेला. मी नाहीच म्हणणार होते. तू कांदा चिरत बसली होतीस. विचारलंस, "खातो काय तो?"

"जवळा," मी म्हटलं. "म्हणजे जवळ्यासारखंच बारीकसारीक. कोलंबीची पिल्लं वाटावीत असलं."

"येवडा मोठा, आनि जवळा खातो?" तू चिरता चिरता थांबलीस आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलीस. त्यातलं कांद्याचं किती ते देव जाणे. "मंग तो आपलाच हाय गो, कुंदा. घे लिहायला. चित्रं मी काढते."

आणि काढलीस. ज्या शाळेत मी विज्ञान शिकवलं तिथंच तू चित्रकला शिकवलीस, पण निवृत्त झाल्यावर तुझा हात जास्तच मोकळा झाला होता. डोकं म्हणजे अंगाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, हे मी सांगितल्यावर तू ते डोकं दोन पानांवर पसरून टाकलंस. दात नाहीत, वरच्या जबड्यातून माणसापेक्षा लांब अशा शेकडो पट्ट्या लोंबतात आणि त्यांच्या आतल्या कडेला केसांची झालर असते, हे ऐकून तू कुंचला सोडून नारळाच्या काथ्यानं रंग ओढलास. तांदळाच्या दाण्याएवढे कोपेपॉड, म्हणजे त्याचा तो जवळा, काढलेस, प्रत्येकाच्या अंगात तेलाचा पिवळा थेंब, कारण त्या तेलावरच तर तो एवढा थोरला होतो. कधी कधी हा तळाशी जाऊन चरतो आणि वर येतो तेव्हा डोक्याला चिखल लागलेला असतो, हे तुला सगळ्यात आवडलं. चिखल माखलेला तो देवमासा काढून दिवसभर मिरवत होतीस घरात.

सात पानं अशी झाली. आठव्यावर घोडं अडलं.

आठवं पान म्हणजे पुस्तकाचा गाभा. तो खातो कसा? मी लिहिलं होतं ते सरळ आहे. तोंड उघडं ठेवून तो हळूहळू पोहत राहतो. पाणी पुढून आत शिरतं, झालरींमधून दोन्ही बाजूंनी बाहेर पडतं आणि खाणं तेवढं आत उरतं. तू चित्र आणून माझ्यापुढं ठेवलंस. मी बघतच राहिले. पाणी असं काढलं होतंस की कागद ओला वाटावा. जवळ्याचा लोंढाच्या लोंढा उसळत त्या उघड्या जबड्याकडं निघालेला. आणि देवमासा? देवमासा जागच्या जागी उभा. शेपूट खाली सरळ सोडलेलं, अंग ढिम्म.

"वहिनी, हा उभा का हाय?"

"मंग काय करनार? पानी येतंय नं समोरून."

"पाणी येत नाय, हा जातो. तासन्‌तास पोहतो तोंड उघडून. थांबला तर उपाशी मरंल."

"येवडं धूड, आनि त्याला वनवन करायला लावतेस? भरती-ओहोटी कशाला दिलीय देवानं?"

दुसऱ्या कुठल्या चित्रकारानं त्याचे पर चुकवले असते, डोळा भलत्या ठिकाणी काढला असता. ही चूक फक्त तूच करू जाणे. दातिवऱ्याच्या डोलवाल्याची मुलगी, नवापूरच्या डोलवाल्याची बायको. आपली डोल, म्हणजे पिशवीसारखं जाळं, समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेली असते, तोंड वासून पाण्याच्या ओढीच्या समोर. जाळं हलत नाही. पाणी येतं, जवळा घेऊन येतं, मागच्या निमुळत्या टोकाला साठवून जातं. जन्मापासून तू हेच पाहिलंस. उघड्या तोंडाकडं खाणं चालत येतं, तोंडानं फक्त आपली जागा सोडायची नाही. तुझ्या देवमाशाला खुंट तेवढे काढायचे राहिले होते.

मी हे म्हटलं तर तू चिडलीस. "खुंट कशाला लागतील? त्याला ठाव हाय कुटं उबं रावायचं ते."

दादा ओटीवर जाळं सांधत बसला होता. मी त्याला हाक मारली, तूच सांग म्हटलं. त्यानं मान वर केली नाही. "तुमी दोगी भांडा. माना मदी घेऊ नका," म्हणाला. अख्ख्या संसारात त्यानं घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय.

पण वहिनी, मला याचंच आश्चर्य वाटतं, आणि रागही येतो. तू काही कशीही चित्रं काढून देणारी बाई नव्हतीस. माझी सगळी नोकरी तुझ्या चित्रांवर चालली. हृदय, बेडूक, जास्वंदीचं फूल, सगळे तक्ते तुझे. बोईसरमधली किती मुलं आज कारखान्यांतून, दवाखान्यांतून काम करत असतील, त्यांच्या डोक्यात हृदय आहे ते तुझ्या हातचं आहे. जास्वंदीच्या एका पाकळीसाठी तू मला भर दुपारी कुंपणापर्यंत फूल आणायला पिटाळलं होतंस. फळ्यावर मी घाईत काही वाकडंतिकडं काढलं की मधल्या सुट्टीत येऊन पुसून टाकायचीस. कधी आभार मानले नाहीत मी. घरातल्या माणसाचे काय मानायचे, असं वाटायचं. आता मानते, तर तू नाहीस ऐकायला. मग एवढी काटेकोर बाई या एका देवमाशापुढंच का हट्टाला पेटली?

शेवटी तू कबूल झालीस, म्हणजे माझं तोंड बंद करण्यापुरती. "आंगात जरा ताकद येऊ दे. मंग काढीन दुसरं."

ताकद कुठून येणार होती? तोवर किडन्यांनी हात टेकले होते. एक दिवसाआड बोईसरला डायलिसिस. सकाळी रिक्षा, टँकरांच्या रांगेतून वाट काढत, रसायनांचा वास आला की पदर नाकाला. सुईसाठी डॉक्टरांनी हात मागितला तेव्हा तू बजावलंस, "डावा घ्या. उजवा चित्रांचा हाय." ते हसले, पण डावाच घेतला. चार-चार तास तू तिथं पडून असायचीस आणि पाठीला उशी लावून उजव्या हातानं कोपेपॉड गिरवायचीस.

खाण्याचं पथ्य मी तोंडपाठ केलं होतं. मीठ जवळजवळ बंद. पाणी मापून. सुकी मासळी अजिबात नाही. आणि अंड्याचं पांढरं रोज खायचंच, नाहीतर अंग झडत जाणार. तू यातलं फक्त शेवटचं सोडून बाकी सगळं पाळलंस, कारण बाकी सगळं न खाण्याचं होतं. बिनमिठाचा भात पुढं आला की तोंड फिरवायचीस. "कापूस खाल्ल्यावानी लागतंय." अंड्याचं पांढरं मी पाठ फिरवताच मांजराला जायचं. ते मांजर आज बघ, ओटीवर मावत नाही.

तिथला मशीन बघणारा बिहारचा मुलगासुद्धा तुला विनवायचा. "आंटी, कुछ तो खाया करो. वजन देखो अपना." त्याला तू हातातला कागद दाखवायचीस. "ये देखो, कितना खाता है." त्याला वाटायचं, आंटी गंमत करतायत. मला मात्र डोकं भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटायचं. दिवसभर खाण्याची चित्रं काढणारी बाई, आणि पोटात दोन घास जात नाहीत.

हिवाळ्यात तो फारसा खात नाही, उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर काढतो, हे मी तुला सांगितलं हा माझा मोठाच मूर्खपणा. त्यानंतर ताट सरकवताना ते तुझं ठरलेलं उत्तर झालं. "माजा हिवाला चालू हाय." अगं, त्याच्या कातडीखाली हातभर चरबीचा थर असतो. तुझ्या मनगटातून बांगड्या गळून पडत होत्या!

आणि तो जवळ्याचा दिवस. शेजारच्या खळ्यात जवळा वाळत घातला होता. वारा आपल्याकडं. तू खिडकीशी बसलेली. म्हणालीस, "चिमूटभर भाजून दे. नुसता जिबंवर ठेवते."

"नाय. मिठानं भरलेलं असतं ते."

"तूच लिवलंयस पाचव्या पानावर, त्याला खान्याचा वास येत असावा म्हनून. मंग माना नाय येत व्हय?"

मी दिला नाही. आजही देणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी विज्ञान शिकवलेली बाई आहे, मी बरोबर होते. तू भिंतीकडं तोंड करून झोपलीस. संध्याकाळपर्यंत बोलली नाहीस. मग आपणहूनच म्हणालीस, कोपेपॉडांचा तपकिरी जरा जास्त झालाय का बघ.

रोज मी तेच तेच म्हणत राहिले. खा, म्हणजे ताकद येईल. ताकद आली की आठवं पान होईल. एकदा तू चमचा खाली ठेवलास आणि माझ्याकडं बघून हसलीस. "म्हंजे तुला पान पायजे. मी नाय."

मीही हसले. "हो, पानच पायजे," म्हटलं. काय बोलले मी, वहिनी! पानाचं काय घेऊन बसलीस, मला तू पाहिजे होतीस. तू जगावंस म्हणून काहीतरी निमित्त हातात असावं, म्हणून त्या पानाला धरून बसले होते मी. नुसतं "जग" म्हणून सांगता येत नाही ना कुणाला. आपल्या घरात तर असलं काही बोलायची पद्धतच नाही. आपल्याकडं माणसाला जेव म्हणतात, फार तर भांडतात त्याच्याशी.

एकदा मात्र तू मला गप्प केलंस. मशीनला लावलेलं होतं. तुझं रक्त नळीतून जात होतं, गाळून परत येत होतं. तू कितीतरी वेळ त्या नळीकडं बघत होतीस. मग म्हणालीस, "हे पन गाळतंयच नं? मी कुटं पोहते?"

मी म्हटलं, "तिथं पंप हाय. तो ढकलतो रक्त."

"तेच म्हनते मी. ढकलनारा दुसरा कुनीतरी असतो."

"देवमाशाला नसतो, वहिनी. त्याचं त्यालाच जावं लागतं."

"जाऊ दे त्याला," तू म्हणालीस. "पन माज्या चित्रातला दमलाय."

मी यावर काही बोलले नाही. तिथंच माझं चुकलं असं नाही म्हणणार मी, कारण विज्ञान दमलेल्या माणसाकडं बघून बदलत नाही. पण त्या दिवसानंतर महिनाभर मी आठव्या पानाचं नाव काढलं नाही. तुला वाटलं असेल, विसरली. विसरले नव्हते. वाट बघत होते, तू कधी परत भांडायला उठतेस याची.

शेवटच्या संध्याकाळी तू कधी नव्हे ते अंड्याचं पांढरं सगळं खाल्लंस. मांजर बिचारं बघत बसलं. मी इतकी हरखले की लगेच म्हटलं, "परवा नवं पान घेऊ या काढायला."

"घेऊ," म्हणालीस.

सकाळी तू उठली नाहीस. असं कुणी करतं का? 'घेऊ' म्हणून कबूल करायचं, अंडं संपवायचं आणि जायचं?

तर मागच्या सोमवारच्या त्या फोननंतर मी पालघरहून एका चित्रकाराला बोलावलं. जाहिरातींची, पुस्तकांची कामं करतो. माणूस सालस, मोटारसायकलवरून आला, तुझ्या सात पानांपुढं बराच वेळ बसला, पाणी कसं काढलंय ते वाकून वाकून पाहिलं. मी सगळं समजावलं. काल तो चित्र घेऊन आला. देवमासा पोहतोय. शेपूट वर उचललेलं, अंगाला बाक, तोंड उघडं, झालरींतून पाणी बाजूला निघालेलं. एकही चूक नाही. मी शोधली, वहिनी. चष्मा पुसून पुसून शोधली.

दादानं दोन्ही चित्रं जवळ घेऊन पाहिली. मग तुझं उचलून म्हणाला, "हेच दे नं. पोरांना काय कळतंय?"

"कळतं दादा. पोरांनाच कळतं. चुकीचं शिकली की जन्मभर तेच धरून बसतात."

"ती बसली तशी?"

"हो. ती बसली तशी."

 तुझं चित्र त्यानं टेबलावर ठेवलं, कडा जुळवून, आणि बाहेर गेला. ओटीवर सुई-धागा तसाच पडलेला होता, तोही त्यानं हातात घेतला नाही. मला त्याचाही राग आला. आयुष्यभर आपल्या भांडणात कधी पडला नाही, आणि आता पडला तर तुझ्या बाजूनं. मी एकटीच पडले.

आज सकाळी मी त्या माणसाचं चित्र पाठवून दिलं. प्रकाशकांचा लगेच निरोप आला. सुंदर, अचूक, धन्यवाद. पुस्तकावर चित्रांसाठी दोघांची नावं येतील, सात पानं तुझी, एक त्याची. बरोबर चित्र जाईल मुलांपुढं. तू असतीस तरी शेवटी हेच झालं असतं, कारण बरोबर ते बरोबर. जवळ्याच्या बाबतीतही मी बरोबर होते आणि देवमाशाच्या बाबतीतही. दोन्ही वेळा जिंकले. एवढा वाईट विजय मी कधी पाहिला नाही.

दुपारी दादा झोपल्यावर मी तुझं चित्र काढून टेबलापाशी बसले. आणि नेहमीसारखी सुरू झाले, मोठ्यानं. म्हटलं, हे शेपूट बघ, असं लोंबतं ठेवून कुणी पोहतं का? थांबले. तू मध्ये बोलायचीस ना, तेवढी जागा सोडली. मग म्हटलं, पाणी त्याच्याकडं येतंय असं काढलंयस, ते चूक आहे. परत थांबले. दादा झोपलेला नव्हताच. आतून त्याच्या खोकल्याचा आवाज आला, आणि तोही लगेच थांबला. दोघंही वाट बघत होतो.

चूक आहे गं ते. शेपूट चूक, पाणी चूक, उभं राहणं चूक, सगळंच चूक आहे, वहिनी. एवढं ऐकून घेशील तू?

बोल ना काहीतरी.